तीन खाचांचा होल्डर

४ फेब्रुवारी

आमच्या नातीस, तिला आजी नावाची एक बाई अजून जिवंत आहे हे आठवत असेल तर,

अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रात तू विचारलंस, "आजी, गुडघा कसा आहे?" गुडघा उत्तम आहे. माझी दुखते ती कंबर. गुडघा तुझ्या आईच्या आईचा दुखायचा, आणि तिला जाऊन चार वर्षं झाली. एवढी विसरभोळी पोरगी जुने कॅमेरे दुरुस्त करते म्हणे! उघडलेले स्क्रू परत बसवतेस ना?

फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर मला फक्त तुझं "हॅलो" आणि "ठेवते" ऐकू येतं. मधलं सगळं घरातले बाकीचे ऐकतात. म्हणून हे पत्र. लिहितायत शेजारच्या टायपिस्टबाई. त्या निवृत्त झाल्या, पण त्यांची बोटं अजून कामावर जातात. पत्र झालं की मी ते कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून वाचून घेते, मी बोलले तेच उतरलंय का ते कळायला. मागे एकदा मी सांगितलं होतं, "तुझा बाप गाढव आहे." बाईंनी लिहिलं, "तुझे वडील प्रकृतीने ठीक आहेत." तेव्हापासून ही तपासणी.

आता तू पाठवलेल्या फोटोबद्दल. तुमच्या दुकानातल्या एका लाकडी कॅमेऱ्याला जोड म्हणून तू भंगारबाजारातून एक होल्डर आणलास. काच अंधारात भरून कॅमेऱ्यात सरकवायची ती चपटी लाकडी पेटी, हो ना? तिच्या कडेला तीन खाचा आहेत, आत काच असावी असं वाटतं, आणि तू विचारतेस, आजोबांच्या स्टुडिओतून चोरीला गेलेला तिसरा होल्डर तो हाच का?

नाही. आपले होल्डर काळसर लाकडाचे होते. हा भुरा आहे.

खाचांचं म्हणशील तर, हो, आपल्या होल्डरांना मीच कानशीने खाचा पाडल्या होत्या. आजोबांनी आकडे घातले होते, पण मला अक्षर ना आकडा, आणि अंधाऱ्या खोलीत तर अक्षरवाल्यालाही काही दिसत नाही. म्हणून पहिल्याला एक खाच, सहाव्याला सहा. बोट फिरवलं की कळायचं. खाचेतून उजेड शिरायचा, त्यामुळे काच धुतल्यावर निगेटिव्हच्या कडेलाही तेवढेच दात उमटायचे. कुठला फोटो कुठल्या होल्डरमधला, ते आजोबा वहीत बघायचे, मी कडेला बघायचे. पण खाचा काय, कोणीही पाडतं.

तेव्हा भंगारवाल्याच्या मागे लागून जुना मालक शोधत हिंडू नकोस. दुकानात दुसरी कामं नसतील तर मला चष्म्याची दांडी नीट करून पाठव.

आणि तो होल्डर हलवू नकोस. काच झाकणारी फळी सरकवून आत तर मुळीच बघू नकोस. आपला नसला तरी.

तुझी आजी


१५ फेब्रुवारी

सांगितलेलं न ऐकणाऱ्या पोरीस,

तुझं पत्र काल आलं. तुझ्या बापाने ते जेवताना मोठ्याने वाचलं. म्हणजे माझ्या नावाचं पाकीट त्याने फोडलं, आणि वर मलाच म्हणाला, "तुला थोडंच वाचता येतंय?" बरोबर आहे. आंधळ्याकडे आलेला पाहुणा कोणी आपल्या घरी नेत नाही, पण अडाण्याचं पत्र चालतं.

तर तू भंगारवाल्याकडून रद्दीवाल्याकडे आणि रद्दीवाल्याकडून त्या घरी पोचलीस. एका सुनेने माळा रिकामा केला, त्यात होल्डर गेला. तिचा सासरा घड्याळाच्या तबकड्यांवर आकडे रंगवायचा, आणि त्याआधी कुठल्याशा स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीचं काम करायचा. एवढं वाचून तुझ्या बापाने घास खाली ठेवला.

"पेन्सिलवाला! आई, चोर सापडला!"

तुला ही गोष्ट पाठ आहे. पाहुणा आला की तुझा बाप ती वाढतो. आजोबांचा रिटचिंग करणारा पेन्सिलवाला, लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग आणि सुरकुत्या निगेटिव्हवरच बुजवणारा, सोन्यासारखा हात, आणि त्याच हाताने विलायती होल्डर पळवला. शेहेचाळीस वर्षं झाली. आता तुझा बाप सत्तावीस तारखेला तुझ्याकडे यायला निघतोय. होल्डर घेऊन त्या म्हाताऱ्याच्या दारात उभा राहणार आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारणार आहे, "हा कुठून आला?" वाक्यसुद्धा ठरलंय. आरशासमोर म्हणून बघतो.

त्याला थोपव. पत्ता चुकला म्हणून सांग.

होल्डर आपलाच आहे. मी तुझा फोटो खिडकीत नेऊन परत बघितला. दुसरी खाच तिरकी आहे. ती पाडताना कानस निसटून माझ्या अंगठ्यात घुसली होती. लाकूड उन्हातान्हात भुरं पडलं असेल. माणसं पडतात.

पण पेन्सिलवाल्याने तो चोरला नाही. त्याची बिजागरी सैल झाली होती, मीच त्याला दुरुस्तीला नेऊन दे म्हटलं, आणि नंतर ते राहून गेलं. एवढंच. एवढंच आहे, बाई, लिहा तुम्ही. थांबलात कशाला?

तू विचारलंस, फळीच्या मुठीची पांढरी बाजू बाहेर आहे, म्हणजे आतली काच कोरीच ना, मग उघडू का? पांढरी बाहेर असली की कोरी, फोटो काढून झाला की उलटवून काळी बाहेर करायची, हे तुला शिकवलं कोणी? मीच. घाईत उलटवायची राहते कधीकधी. उघडू नकोस. हात लावू नकोस. कपाटात ठेव आणि किल्ली खिशात ठेव.

तुझी आजी


१७ फेब्रुवारी

बाळा,

परवाचं पत्र पोचायच्या आत हे निघतंय. हे मी औषधवाल्याकडून वाचून घेणार नाही. टायपिस्टबाईंनी जे लिहिलं असेल ते. आज त्यांना म्हटलं, "तुमच्यावर भरवसा ठेवते आहे." त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं नव्हता वाटतं?" नव्हता.

बिजागरीचं खोटं होतं. त्या होल्डरला बिजागरीच नसते, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. आलं नसेल तर दुकान बंद कर.

तुला एक आत्या होती. तुझ्या बापाने तिचं नाव तुझ्यासमोर कधी काढलं नसेल. ती गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता, त्याला ती नीट आठवतही नाही. एकोणीस वर्षांची होती. सायकल दुरुस्त करणाऱ्याशी लग्न करायचं म्हणाली आणि आजोबांनी घर डोक्यावर घेतलं. एक दिवस सकाळी ती नव्हती.

घरात सगळे म्हणायचे, ती कोणाला न सांगता गेली. तसं नव्हतं. मला सांगून गेली. तिची पिशवी मी भरली.

जायच्या आदल्या दिवशी तुझे आजोबा शाळेचे गट-फोटो काढायला बाहेर गेले होते. मी तिला स्टुडिओत पडद्यासमोर बसवलं आणि तिसरा होल्डर घेतला. मी जन्मात हजारो काचा धुतल्या, पण कॅमेऱ्याच्या मागे त्या दिवशी पहिल्यांदा उभी राहिले. "आई, तुझे हात बघ," असं म्हणून ती हसत होती. मी रबरी फुगा दाबला. खटका पडला. फोटो काचेवर उतरलेला, होल्डर हातात, आणि जिन्यावर पावलं वाजली. पेन्सिलवाला होता.

काच मी घरी धुऊ शकत नव्हते. आजोबा काचा मोजून ठेवायचे, आणि अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून असायचो. म्हणून पेन्सिलवाल्याला म्हटलं, "हे बाहेर कुठेतरी धुऊन आण. कोणाला सांगू नकोस. मी विचारेपर्यंत तुझ्याजवळच राहू दे." त्याने आपली शिदोरी टेबलावर उलटी केली, दोन पाव आणि दोन उकडलेली अंडी, आणि त्या फडक्यात होल्डर गुंडाळून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ती गेली. तिसऱ्या दिवशी आजोबांनी तिचे फोटो चुलीत घातले, तिच्या सगळ्या निगेटिव्ह काढल्या, बारशापासूनच्या, आणि कढत सोड्याच्या पाण्यात टाकल्या. काचेवरचा थर सुटून वर तरंगतो, साईसारखा. स्वच्छ काचा उरल्या. त्या फुकट कशाला घालवायच्या म्हणून त्यांनी न्हाणीघराच्या खिडकीत बसवल्या. तू लहानपणी त्याच खिडकीच्या वाफेवर बोटाने चित्रं काढायचीस. तू मांजर काढायचीस आणि मी बाहेर जाऊन उभी राहायचे.

काचा काढताना होल्डर मोजले, ते पाच भरले. अंधाऱ्या खोलीत शिरणारे आम्ही तिघंच. बायकोवर संशय घ्यायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. त्यांनी पेन्सिलवाल्याला उभं केलं. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. मी तबकात फोटो धूत होते. मी धूत राहिले. धुऊन झालेले फोटो परत धुतले. त्याने टेबलावर पेन्सिली ओळीने मांडून ठेवल्या, टोकं एका बाजूला, आणि जिना उतरला. मग आजोबांनी गावातल्या सगळ्या स्टुडिओंना सांगितलं, आणि त्याला गावात काम मिळालं नाही.

तीन वर्षांनी तार आली, तापाने गेली म्हणून. मग त्या काचेचं विचारायचं धैर्य माझ्यात उरलं नाही. त्याचा पत्ता शोधायचा तर कोणाकडून तरी पत्र लिहून घ्यायला हवं होतं, आणि लिहिणारा म्हणजे ऐकणारा. हे कारण आहे, सबब आहे, तू काय म्हणशील ते.

आता काय मागते ते ऐक. काच अजून होल्डरमध्येच आहे, म्हणजे त्याने ती धुतलीच नाही. त्या काचेवर तिचा चेहरा आहे, आणि जगात दुसरीकडे तो नाही. तिच्या गालाच्या हाडावर कांजिण्यांचा एक खड्डा होता, मुगाच्या दाण्याएवढा. कुठल्या गालावर, ते मला आठवत नाही. हसू नकोस. तुला विसरभोळी म्हणणारी ही तुझी आजी. मी तिला काचेवरच जास्त बघितलं ना. काच या बाजूने धरली की खड्डा डावीकडे, त्या बाजूने धरली की उजवीकडे. आता आठवायला बसले तर पांढरे केस आणि काळे दातच समोर येतात, निगेटिव्हसारखे, आणि ती मान वळवत राहते.

काच धू. पूर्ण अंधारात, लाल दिवासुद्धा नको, फार जुनी आहे. धुवायचं औषध थंड ठेव. माझ्या श्वासाने एक ते वीस, बारा वेळा. तुझा श्वास घाईचा आहे, चौदा वेळा मोज.

आणि तुझ्या बापाच्या आधी त्या म्हाताऱ्याच्या घरी जा. धावत जा.

आजी


२७ फेब्रुवारी

तुझं काही नाही. दहा दिवस झाले. पोस्टमन समोरच्या घरी रोज थांबतो. त्यांना कोण एवढं लिहितं देव जाणे. पत्र पोचलं का? तुझ्या हातात पडलं की दुकानातल्या दुसऱ्या कोणाच्या? काच फुटली का? फुटली असेल तर तसं लिही, मला गोड बोलून फसवू नकोस.

काल तुझ्या बापाने बॅग भरली. इस्त्रीचा शर्ट घेतला. चोराला भेटायला कोणी इस्त्रीचा शर्ट नेतं का? आज पहाटे निघायच्या आधी मी त्याला न्हाणीघरात बोलावलं.

"आई, गाडी चुकेल."

"ही खिडकी पूस."

"आत्ता?"

"पूस म्हटलं ना."

त्याने टॉवेलने पुसली. मी विचारलं, "काय दिसतं?" म्हणाला, "समोरची भिंत." मी म्हटलं, "ती तुझी बहीण आहे." आणि मग तुला लिहिलं ते सगळं त्याला सांगितलं, बादलीवर बसून. टायपिस्टबाईंना सांगताना सोपं गेलं होतं. त्यांच्या बोटांकडे बघत बोलता येतं. याच्या तोंडाकडे बघावं लागलं.

तो म्हणाला, "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"मग मी एवढी वर्षं ही गोष्ट सांगत आलो, तू समोर बसून ऐकत होतीस. एकदाही..."

"वाढत होते तुला. तोंडात घास होता तुझ्या."

हे मी बोलायला नको होतं. चेष्टा करायची सवय माणसाला नको तिथे दगा देते. तो उठला, बॅग उचलली आणि गेला. पाया पडला नाही. गाडी पकडली का, कुठे उतरणार, काय बोलणार, मला काही ठाऊक नाही. ते पाठ केलेलं वाक्य तो दारात बोलला तर? किंवा काहीच न बोलता परत आला तर? मला दोन्हींची भीती वाटते.

टायपिस्टबाई म्हणतात, आता पुरे, चहा घ्या. त्यांनी आज स्वतः केला. साखर विसरल्या.

आजी


११ मार्च

माझ्या शहाण्या पोरीस,

तुझं पत्र आणि खोका दोन्ही पोचलं. पत्र औषधवाल्याकडून वाचून घेतलं. आता लपवायला काही उरलं नाही, आणि त्याचा आवाज चांगला आहे. मधे एकदा तो थांबला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "पाच मिनिटं खोकत बसा."

काच कोरी निघाली.

तू तीन वेळा लिहिलंयस की औषध बरोबर होतं, अंधार बरोबर होता, चौदा वेळा मोजलं. बाळा, तुझी चूक नाही. खोका उघडल्यावर मी आधी कडेवरून बोट फिरवलं, मग काच उजेडात धरली. कडेला जुनेपणाचा थोडा धूर, मधे सगळं स्वच्छ. आणि तीन दात नाहीत. दात नाहीत म्हणजे आत उजेड गेलाच नाही. फोटो घेण्याआधी काचेपुढची फळी वर ओढायची असते, ती मी ओढलीच नव्हती. फळी ओढायची ती आजोबांनी, फुगा दाबायचा तो आजोबांनी. मला माहीत होतं त्यानंतर अंधारात काय करायचं. सगळं काम अंधारात शिकले आणि उजेडातलं एक काम चुकले. ती हसत बसली होती, मी फुगा दाबला, आणि फळी बंदच होती.

आणि त्याला हे ठाऊक होतं! तू लिहिलंस तसंच औषधवाल्याने वाचलं, आवाज काढून. तू पेन्सिलवाल्याला सांगितलंस, काच कोरी निघाली, आणि तो म्हणाला, "फडक्यात गुंडाळतानाच पांढरी बाजू बघितली होती. वाटलं, घाईत उलटवायची राहिली असेल. बाहेर जाऊन फडकं सोडून पाहिलं, तर फळीवरची धूळसुद्धा मोडली नव्हती."

तू म्हणालीस, "मग आजीला सांगितलं का नाही? दुसऱ्या दिवशी ती आत्या गेली, पण फोटोच्या दिवशी तर घरातच होती! परत काढता आला असता."

"सांगायला लगेच परत फिरलो, पण मालक जिन्यातच भेटले, वर जायला मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी पोरगी नव्हती. मग काय सांगणार? मालकीणबाईंना वाटत होतं, त्यांची मुलगी माझ्या घरी काचेवर आहे. असू दे म्हटलं."

आणि वर हसला म्हणे, बोळकं दाखवत. "कोऱ्या काचेपायी नोकरी गेली हे बायकोला कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं. तिला मी विलायती चोरी सांगितली होती. तेवढीच जरा इज्जत."

त्याच्या दारात तुझा बाप उभा राहून काय बोलला, ते तू लिहिलं नाहीस. "बाबांनी त्यांचे हात धरले" एवढंच आहे. बाकीचं मी विचारणार नाही. परत आल्यापासून तो तिसऱ्या होल्डरची गोष्ट सांगत नाही. जेवणं लवकर आटोपतात. काल माझ्या ताटाशी येऊन बसला आणि म्हणाला, "ती मला खांद्यावर घ्यायची का गं?" म्हटलं, "घ्यायची, आणि तू तिचे केस ओढायचास." म्हणाला, "हे कधी सांगितलं नाहीस." आता रोज एक सांगते. पुरवून पुरवून.

आता खोक्यातलं शेवटचं. काचेवर मधोमध नाही, जरा कडेला, पेन्सिलीचा एक ठिपका आहे. औषधवाल्याला वाटलं डाग आहे, पुसायला निघाला होता! मी हातावर चापट मारली. तू लिहिलंयस, खड्ड्याचं ऐकून पेन्सिलवाल्याने काच मागून घेतली, खिशातून पेन्सिल काढली, टोक केलं आणि एकदाच टेकवलं. म्हणाला, "मालक मला दर फोटोत तो खड्डा बुजवायला लावायचे. बारा वर्षं बुजवला. हात विसरत नाही." तू म्हणालीस, चेहराही काढा ना. तो म्हणाला, "चेहरा मालकीणबाईंना येतो. त्यांना फक्त बाजू सांगा."

ओलं बोट लावलं की चिकटते ती काचेची थराची बाजू. ती मी माझ्याकडे केली आणि काच तोंडासमोर धरली, आरशासारखी. ठिपका माझ्या डाव्या गालासमोर आला.

डावा गं. डावाच. आता मान वळवायची थांबली.

ती काच मी न्हाणीघराच्या खिडकीत बसवून घेतली, खालून दुसरी.

पेन्सिलवाला पुढच्या रविवारी आठ दिवसांसाठी येतोय. तुझ्या बापाने बोलावलंय, माझ्याशी एका शब्दाने न बोलता. मला धडकी भरली आहे. त्याच्या तोंडाकडे बघायचं कसं, आणि बघितलं तर म्हणायचं काय? टायपिस्टबाई म्हणतात, लिहून देऊ का. चावटपणा बघ.

तू त्याला गाडीत बसवून देशील तेव्हा बरोबर शिदोरी दे. दोन पाव, त्याच दिवशीचे, मऊ, कडा काढून, कारण त्याला दात नाहीत आणि तू हे विसरशील. दोन अंडी, नीट उकडलेली, मीठ वेगळ्या पुडीत. डब्यात देऊ नकोस. फडक्यात बांधून दे.